घरातल्या प्रत्येक डोक्याचे माप

(मंडळाच्या वर्धापनदिनी खापरखेडा येथे केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याचा सराव नाही. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्हांला जे येते तेच सांगा." मला येते ते विणकाम. म्हणून घरातल्या सगळ्यांसाठी लोकरीची टोपी कशी विणावी, हा अगदी साधा विषय मी घेतला आहे. ज्यांनी सुया सोबत आणल्या असतील त्यांनी खुशाल काढाव्यात. हात चालू असले म्हणजे बायकांचे कान जास्त चांगले ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, नागपूरकडच्या माणसांना लोकरीची टोपी कशाला? आपला मुलुख उन्हाचा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ते खरेही आहे. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण त्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला. एकाच गावाने ही दोन्ही टोके पाहिली आहेत. उन्हाळ्याची तयारी आपण होळीपासूनच करतो. माठ आणतो, कूलरच्या ताट्या बदलतो, पापड-कुरडया वाळवतो. हिवाळ्याची तयारी मात्र कोणी करत नाही. थंडी अंगावर येऊन पडली म्हणजे पेटीतली जुनी शाल शोधू लागतो. दोनच महिन्यांची तर थंडी, असे म्हणून आपण ती निभावून नेतो. पण घरातल्या कोणाकोणाला ती निभावत नाही. त्यांच्यासाठी आजचे हे बोलणे आहे.

प्रथम लोकरीविषयी थोडे सांगते. लोकर स्वतः गरम नसते. तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून फार घट्ट विणलेल्या टोपीपेक्षा जरा मोकळ्या हाताने विणलेली टोपी जास्त उबदार होते. फार सैल विणली तर मात्र वारा आरपार जातो. खऱ्या लोकरीचा आणखी एक गुण असा, की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. पहाटेच्या धुक्यात हा गुण उपयोगी पडतो.

पण दुकानात आपण "लोकर द्या" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हातात पडते ते ॲक्रिलिक. ते कारखान्यात रसायनांपासून तयार होते. ते वाईट असते असे मुळीच नाही. स्वस्त पडते, घरी धुता येते, कसर लागत नाही आणि लहान मुलांना टोचत नाही. ओळखायचे असेल तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून दिव्यावर धरावा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांनी चुरगळते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. हे वितळणे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शेकोटीपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या किंवा चुलीपाशी वावरणाऱ्या बाईच्या अंगावर ठिणगी पडली, तर वितळलेला धागा कातडीला चिकटतो. अशांसाठी दोन पैसे जास्त गेले तरी खरी लोकर घ्यावी. आपल्या धनगर बांधवांच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम असते, परंतु ती भरड असल्याने टोपीसाठी कपाळाला सोसत नाही. टोपीला मऊ लोकर हवी.

आता डोक्याविषयी. अंगातली निम्मी ऊब डोक्यातूनच निघून जाते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरे नाही. मोठ्या माणसाचे डोके म्हणजे त्याच्या सगळ्या अंगाचा सुमारे दहावा हिस्सा, आणि ऊबही साधारण त्याच हिशोबाने जाते. पण बाकीचे अंग आपण झाकलेले असते आणि डोके, कान, कपाळ उघडे असते, म्हणून थंडी तिथेच जास्त जाणवते. लहान बाळाचा हिशोब मात्र निराळा आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने फार मोठे असते, जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यावर केस नसतात, कातडी पातळ असते आणि बाळाला थरथरून स्वतःची ऊब करता येत नाही. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी बाळंतविड्यात झबल्याबरोबर टोपडे आणि कुंची ठेवली, ती नुसती हौस म्हणून नव्हे.

ह्या टोपड्याचे मोल आपल्याच विदर्भात मोजले गेले आहे. गडचिरोलीला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांची 'सर्च' संस्था १९८६ पासून काम करते. १९९५ पासून त्यांनी खेड्यांतल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. बाळाचे वजन करणे, त्याला लवकर अंगावर पाजणे, त्याला ऊब देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून उपचार करणे, अशी ती कामे होती. तिसऱ्या वर्षी त्या गावांत पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या इंग्लंडातल्या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून सरकारने तीच पद्धत आशाताईंच्या घरभेटींत आणली. हे सारे यश टोपड्याचे, असे मी म्हणणार नाही. पण बाळाला ऊब देणे हे त्यातले एक काम होते, आणि ते करायला सातवीदेखील लागत नाही.

आशाताई एक परीक्षा शिकवतात, ती सगळ्यांनी पाठ करावी. बाळाच्या पोटाला आणि तळपायाला आपल्या हाताने स्पर्श करून पाहायचा. पोट कोमट आणि पायही कोमट असले तर बाळ ठीक आहे. पोट कोमट, पण पाय गार लागले तर बाळाला थंडी वाजते आहे. पोट आणि पाय दोन्ही गार लागले तर वेळ न घालवता बाळाला उराशी, कातडीला कातडी लावून धरायचे आणि दवाखाना गाठायचा. आणि उलटही लक्षात ठेवावे. बाळ चांगले मोठे झाल्यावर, दारे-खिडक्या लावून खोली उबदार असताना, झोपेत त्याच्या डोक्यावर जाड टोपी ठेवू नये. मानेला घाम लागला तर टोपी काढावी. बाळाच्या टोपीला लांब नाडी, मणी, सैल बटण काही लावू नये. गळ्याला फास बसतो, नाहीतर तोंडात जाते.

आता प्रत्यक्ष विणकाम. आजकाल तयार टोप्या पुष्कळ मिळतात. हिवाळा लागला की नागपुरात तिबेटी मंडळींची स्वेटरांची दुकाने लागतात. ह्यातल्या काही मंडळींची घरे आपल्या विदर्भातच, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळच्या नोरग्येलिंग वसाहतीत आहेत. १९७२ सालची ती वसाहत आहे. त्यांच्याकडून मीही स्वेटर घेते. मग हाताने विणायचे कशाला? मापासाठी. तयार टोपीची मापे दोन, लहान आणि मोठे. आपल्या घरात डोकी सहा, आणि सहा डोक्यांच्या सहा तऱ्हा.

म्हणून पहिले काम माप घेण्याचे. फीत भुवयांच्या वरून, कानांच्या वरच्या टोकावरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी. फीत नसेल तर सुतळीने मोजून पट्टीवर धरावे. आलेल्या मापातून मोठ्यांसाठी २ इंच आणि तान्ह्या बाळासाठी १ इंच कमी करावे. विणकाम ताणते, म्हणून टोपी मापाहून लहानच विणायची, तरच ती बसते.

मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या सुया घ्याव्यात. पट्टीसाठी १० नंबरच्या सुया लागतील. नव्याने शिकणाऱ्या मुली येथे घोटाळ्यात पडतात, कारण आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. मोबाइलवरच्या नमुन्यांत सुया मिलिमीटरमध्ये सांगतात, त्यांना कळावे म्हणून सांगते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर.

टोपी सुरू करण्याआधी ८ नंबरच्या सुईवर २८ टाके घालून पाच इंचांचा नमुना विणावा, एक ओळ सुलट, एक ओळ उलट. त्याच्या मधोमध ४ इंचांत किती टाके बसतात ते मोजावे. २२ आले तर हात बरोबर आहे. जास्त आले तर हात घट्ट आहे, एक नंबर जाड सुई घ्यावी. कमी आले तर हात सैल आहे, एक नंबर बारीक सुई घ्यावी. हा नमुना विणण्याचा पुष्कळजणींना कंटाळा येतो. पण अर्ध्या तासाचा नमुना चार दिवसांची उसवण वाचवतो.

चार इंचांत २२ टाके म्हणजे इंचाला साडेपाच. ह्या हिशोबाने आठच्या पटीत टाके धरावेत आणि शिवणीसाठी दोन जास्त घ्यावेत.

तान्ह्या बाळासाठी, डोके १४ इंच : ७४ टाके, लोकर ३० ग्रॅम.
वर्षाच्या मुलासाठी, डोके १८ इंच : ९० टाके, लोकर ४० ग्रॅम.
पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी, डोके २० इंच : ९८ टाके, लोकर ६० ग्रॅम.
बाईसाठी, डोके २२ इंच : ११४ टाके, लोकर ९० ग्रॅम.
पुरुषासाठी, डोके २३ इंच : १२२ टाके, लोकर १०० ग्रॅम.

लोकरीचा अंदाज थोडा चढाच धरला आहे. एकाच रंगाची गुंडी नंतर मिळेलच असे नाही.

आता बाईची टोपी धरून सांगते. १० नंबरच्या सुईवर ११४ टाके घालावेत. पहिली ओळ दोन सुलट, दोन उलट अशी विणत जावी, शेवटी दोन सुलट येतील. दुसरी ओळ दोन उलट, दोन सुलट, शेवटी दोन उलट. ह्याच दोन ओळी ४ इंच होईपर्यंत विणाव्यात. ही पट्टी नंतर अर्धी वर दुमडायची आहे. कानांवर दोन थर येतात ते ह्या दुमडीमुळे. मग ८ नंबरच्या सुया घ्याव्यात आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे ३ इंच विणावे.

मग टाके घटवणे. दोन काठांचे दोन टाके सोडले तर ११२ उरतात. त्यांचे आठ भाग केले की प्रत्येक भागात १४ टाके येतात. सुलट ओळीवर एक टाका सुलट, मग बारा सुलट आणि दोन एकत्र, असे आठ वेळा, शेवटी एक सुलट. पुढची ओळ सगळी उलट. त्यापुढच्या सुलट ओळीवर अकरा सुलट आणि दोन एकत्र, मग दहा सुलट आणि दोन एकत्र, असे दर सुलट ओळीवर प्रत्येक भागातला एक टाका कमी करत जावे. प्रत्येक भागात दोन टाके उरले म्हणजे सुईवर १८ टाके राहतात. एक उलट ओळ विणून पुढच्या ओळीत काठाचे टाके तसेच ठेवून बाकीचे दोन-दोन एकत्र विणावेत. दहा टाके उरतील. धागा हातभर ठेवून तोडावा, बोथट सुईत ओवून त्या दहा टाक्यांतून काढावा, घट्ट ओढावा, गाठ मारावी आणि त्याच धाग्याने मागची शिवण घालावी. पट्टीपाशी आल्यावर दुमडणारा भाग उलट बाजूने शिवावा, म्हणजे दुमडल्यावर शिवण दिसत नाही.

बाकीच्या मापांनाही हीच रीत. लहान मुलाची पट्टी ३ इंच आणि साधी वीण ३ इंच. पुरुषाची पट्टी ४ इंच आणि साधी वीण सव्वातीन इंच. तान्ह्या बाळाची आणि वर्षाच्या मुलाची पट्टी दीड इंचच ठेवावी, दुमडू नये. बाळाची साधी वीण २ इंच आणि वर्षाच्या मुलाची पावणेतीन इंच.

रीत एक असली तरी डोक्याप्रमाणे थोडा फेर करावा लागतो. आमच्या घरचेच सांगते. मामंजींना पहाटे फिरायला जायची सवय आहे आणि त्यांचा रक्तदाब वाढलेला असतो. गार हवेत रक्तवाहिन्या आखडतात आणि दाब आणखी चढतो, म्हणून हिवाळ्यात उन्हे वर आल्यावरच बाहेर पडा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यांच्यासाठी मी माकडटोपी विणली. तिला इंग्रजीत बॅलाक्लावा म्हणतात. ते रशियाच्या बाजूच्या क्रिमियातले एक गाव आहे. १८५४ साली तेथे लढाई झाली, आणि त्या युद्धाच्या थंडीत इंग्लंडातल्या बायकांनी आपल्या शिपायांसाठी अशा टोप्या विणून पाठवल्या, त्यावरून पुढे हे नाव पडले. माकडटोपीला हसणाऱ्यांनी तिचा हा इतिहास लक्षात घ्यावा.

ह्यांची रात्रपाळी असते. पहाटे स्कूटरवरून घरी येताना कन्हानकडचा वारा थेट कानात शिरतो. पण जाड टोपीवर हेल्मेट घालू देऊ नये. हेल्मेट डोक्याला नीट बसले तरच ते वाचवते. मध्ये जाड लोकर आली की ते सैल बसते आणि पडल्यावर सरकते. कामावरच्या कडक टोपीचेही तसेच. म्हणून ह्यांच्यासाठी टोपी न विणता ७ इंच रुंदीचा गोल गळपट्टा विणला. तो गळ्यातून हनुवटीपर्यंत येतो आणि हेल्मेटच्या आड येत नाही. टोपी घरी आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी.

आता जे सांगायचे आहे ते मी आजपर्यंत चारचौघींत बोलले नव्हते. माझ्या धाकट्या लेकीला सिकलसेलचा आजार आहे. ती आता तेरा वर्षांची आहे. आपल्या विदर्भात हा आजार कितीतरी घरांत आहे, पण बोलत कोणी नाही. मुलीच्या लग्नाचे पुढे काय, सुनेला लोक काय म्हणतील, ह्या भीतीने घरातल्या घरात दाबून ठेवतात. ह्या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, पोट असह्य दुखू लागते. ताप, पाणी कमी पिणे आणि थंडी ह्यांनी हे दुखणे उठते. रात्रभर मूल तळमळते आणि आईला नुसते पाय दाबत बसावे लागते. ज्यांच्या घरी आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

टोपीने हा आजार बरा होत नाही. त्याला डॉक्टरांची औषधे नियमाने द्यावी लागतात, पाणी भरपूर पाजावे लागते. पण थंडीपासून जपणे हे आईच्या हातातले आहे, आणि माझ्या लेकीसाठी लोकरीची टोपी ही शोभेची वस्तू नव्हे. असे असताना पहिल्या वर्षी तिने टोपी दप्तरात कोंबून ठेवली, कारण वर्गातल्या मुली हसतात. मी रागावले नाही. तिला दुकानात घेऊन गेले आणि म्हटले, रंग तू निवड, गोंडा हवा की नको ते तू सांग. तिने जांभळा रंग निवडला, गोंडा नको म्हणाली. ती टोपी तिने दोन हिवाळे घातली. टोपी कितीही चांगली विणली तरी ती डोक्यावर बसली तरच उपयोगाची. मुलांच्या बाबतीत हे फार लक्षात ठेवावे.

आणखी एक सांगते, कारण त्याचा त्रास बायकांनाच होतो. असे मूल झाले की बोट सुनेकडे दाखवतात. सिकलसेलचा आजार एकट्या आईकडून येत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणसाला स्वतःला बहुधा काहीच त्रास होत नाही, म्हणून त्याला ते माहीतही नसते. साध्या रक्ततपासणीत ते कळते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने ह्या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. लग्नाआधी पत्रिका पाहतो, तशी ही तपासणीही दोन्हीकडची पाहावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आमच्या घरी आम्ही दोघेही वाहक निघालो. दोष कोणाचाच नव्हता.

लेक दुखण्यात पडून असायची तेव्हा तिच्या हातात मी सुया दिल्या. तिला विणण्याची गोडी लागली. मागच्या दसऱ्याला आम्ही वहीत घरातल्या सगळ्यांची मापे लिहून घेत होतो. सासूबाई साडेएकवीस, मामंजी साडेबावीस, असे ती लिहीत गेली. सगळी झाल्यावर मी वही मिटू लागले, तेव्हा ती म्हणाली, "आई, तुझे माप?" मी म्हटले, मला पदर आहे. ती म्हणाली, "पदर पाण्याचा हात पुसायला असतो, आई." आणि तिने फीत माझ्या कपाळाभोवती गुंडाळली. बावीस इंच.

भगिनींनो, हे सांगताना मला कोणाची तक्रार करायची नाही. पण पहाटे घरात सर्वांत आधी कोण उठते? गार पाण्यात हात कोणाचे असतात? आपण घरातली माणसे बोटांवर मोजतो तेव्हा सासूबाईंपासून तान्ह्यापर्यंत सगळी मोजली जातात आणि मोजणारी राहून जाते. अंगात रक्त कमी असले की थंडी जास्त वाजते, आणि रक्त कमी असणे हे तर आपल्या बायकांचे घरोघरचे दुखणे आहे. लोखंडाच्या गोळ्या घ्याव्यातच, पण कानही झाकावेत. 'सर्व कुटुंबासाठी टोपी' म्हटल्यावर कुटुंबात आपणही येतो.

टोपीची निगाही थोडक्यात सांगते. आपल्या गावात चिमण्यांची राख हवेत असते, म्हणून टोपी रोज झटकावी. पंधरा दिवसांनी कोमट पाण्यात सौम्य साबणाने, न चोळता, दाबून धुवावी. पिळू नये. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. तारेवर लटकवली तर लांबते. हिवाळा संपल्यावर धुऊन, पूर्ण वाळवून, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याबरोबर पेटीत ठेवावी. मुलाची टोपी लहान झाली तर उसवावी, लडी करून कोमट पाण्यातून काढावी, म्हणजे धाग्याची मोड जाते आणि तीच लोकर बाळाच्या टोपीला पुरते.

शेवटी एक सूचना मांडते. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा आपले जवान हिमालयाच्या बर्फात पुरेशा कपड्यांवाचून लढत होते. त्या वेळी देशभरातल्या बायकांनी घराघरांत बसून त्यांच्यासाठी स्वेटर, मोजे, टोप्या विणल्या. कित्येकींना सीमा नकाशावर दाखवता आली नसती, पण मापाचा मोजा विणता येत होता. आपल्याला आज एवढे मोठे काम कोणी सांगत नाही. आपल्या गावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत हिवाळ्यात जी बाळे जन्मतील, त्यांच्यासाठी प्रत्येकीने एक-एक टोपडे विणावे. ७४ टाके, ३० ग्रॅम लोकर आणि दोन संध्याकाळी, ह्यापेक्षा जास्त खर्च नाही. ती टोपडी आशाताईंच्या हवाली करू, त्या गरज पाहून देतील. आणि ह्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या लुटण्याऐवजी वाण म्हणून लोकरीची गुंडी लुटावी. तिळगूळ तोंडात विरघळतो, गुंडीची मात्र टोपी होते. ज्यांना विणता येत नाही त्यांनी दर बुधवारी दुपारी आमच्या ओसरीवर यावे. माझी लेक शाळेतून आली की तीही शिकवायला बसेल.

घरोघरी आज रात्रीच फीत काढा, मापे वहीत लिहा आणि सर्वांत वर स्वतःचे लिहा.